फुलेपर्यंत ते वेखंडच होतं

अंबडच्या हायस्कुलात मी शास्त्र शिकवायला लागलो तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. मी बी.एस्सी. होतो, वनस्पतिशास्त्र घेऊन. आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंतसुद्धा पोचलेलं नव्हतं. वडील आणि थोरले भाऊ अंतरवाली सराटीच्या बाजूला शेती करायचे. दोघांनाही सही करता येत नव्हती, पण शाळेच्या दिवसांत त्यांनी मला एकदाही औताला हात लावू दिला नाही. त्यामुळे मी पदवी घेऊन आलो तेव्हा ती माझ्या एकट्याची नव्हती, सगळ्या घराची होती, आणि घरातलं माणूस ती हवी तेव्हा वापरायला काढी.

सगळ्यांत जास्त माय काढायची. बिऱ्हाड थाटून द्यायला ती आम्हा नवराबायकोबरोबर अंबडला आली होती. तहसिलीच्या मागच्या गल्लीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. तिथे आधी कचेरीतले एक पेशकार वीसेक वर्षं राहिले होते. पेन्शनीत निघाल्यावर ते मुलाकडे हैदराबादला गेले. जाताना त्यांनी घर झाडूनपुसून दिलं. परसातली झाडं अर्थातच मागे राहिली. एक डाळिंब, मेंदीचं कुंपण, आणि न्हाणीचं पाणी जिथे मुरायचं तिथे डाळिंबाच्या सावलीत तलवारीच्या पात्यांसारख्या पानांचा एक दाट ठोंब.

माय रानात वाढलेली. पिकातलं तण तिला पायाखाली आलं तरी ओळखू यायचं, पण हे झाड तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात गल्लीतल्या चार बाया घर बघायला आल्या, आणि त्यांच्यासमोरच तिनं मला हाक मारली.

"हे कशाचं झाड हाय रे? तू चार वर्सं झाडंच शिकलास न्हवं?"

मी उकिडवा बसून बघितलं. पानं चपटी, एकात एक खोचलेली, पंख्यासारखी उघडलेली. मातीत आडवा सरपटत गेलेला, गाठीगाठींचा कंद. जागा ओलसर. फूल नव्हतं. फुलाशिवाय झाडाचं नाव सांगू नये, हे आमच्या प्राध्यापकांनी कॉलेजात पहिल्याच तासाला सांगितलं होतं. पण चार बाया उभ्या होत्या आणि माय माझ्या तोंडाकडे बघत होती. पुस्तकातलं एक चित्र मला आठवलं आणि मी म्हणालो, "वेखंड."

बाया खूश झाल्या. ज्या घरात तान्हं मूल आहे त्या घरात वेखंड लागतंच. बाळगुटीत सहाणेवर त्याचा एक वळसा उगाळायचा, सर्दी झाली की पूड टाळूला लावायची. पण ते पाणथळ जागी होणारं झाड. आमच्या कोरड्या मुलखात ते फक्त वाण्याच्या दुकानात दिसायचं, वाळून काळपट झालेलं. उगवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

मायनं कंदाचा एक तुकडा मोडला, नाकाशी धरला, परत धरला. "वास न्हाई याला," ती म्हणाली.

"ओलं आहे ना. वाळल्यावर येईल," मी म्हणालो. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ते त्या क्षणी माझ्या तोंडात तयार झालं.

मायनं तो तुकडा ओच्यात टाकला. मग म्हणाली, "असंल बाबा."

श्रावणात पावसानं उघडीप दिल्यावर तिनं तो ठोंब खणून काढला. कंद धुतले, चकत्या केल्या, सुतळीत ओवून वळणीवर टांगले. उरलेले कोंब फेकवेनात म्हणून भिंतीकडे, जिथे दिवसभर ऊन यायचं तिथे, वीतवीतभर अंतरानं लावून टाकले. चकत्या वाळल्या, सुरकुतल्या, पांढुरक्या झाल्या. मागणाऱ्या घरी तिनं त्यातल्या दिल्या. देताना ती एकच वाक्य बोलायची, आणि मी घरात असलो की ते मुद्दाम जरा मोठ्यानं बोलायची: "आमच्या मास्तरनं वळखलं."

माझ्या बायकोला तेव्हा दिवस गेलेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती केदारखेड्याला गेली. तिच्याबरोबर मायनं गुटीचं गाठोडं बांधून दिलं. हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा आणि आमच्या परसातल्या त्या चकत्यांची एक अख्खी माळ. माघात मुलगी झाली. बारशाला मी केदारखेड्याला जाऊन आलो. मुलगी मूठभर होती, तिचे डोळे मिटलेले होते, आणि मला तिला धरायची भीती वाटली म्हणून सगळे हसले.

मी परत आल्यावर आठ दिवसांनी, एका शनिवारी सकाळी, मायनं मला परसात बोलावलं. भिंतीकडच्या एका कोंबातून हातभर उंच दांडा आला होता. तो मी आधी पाहिला होता, पण टोकाला कांद्याच्या पापुद्र्यासारखं आवरण होतं, आत काय आहे ते दिसत नव्हतं. आता ते फाटलं होतं आणि तिथे एकाला लागून एक अशी दोन फुलं होती. पांढरीशुभ्र, तळहाताएवढी. प्रत्येकाच्या तीन पाकळ्या वर वळून एकमेकींना टेकलेल्या, तीन खाली लोंबणाऱ्या, आणि खालच्या प्रत्येक पाकळीवर पिवळ्या केसांची एक पट्टी, सुरवंट बसल्यासारखी.

इतकं सुंदर फूल मी तोवर हातात घेतलं नव्हतं. वेखंडाचं फूल मी पुस्तकात पाहिलं होतं. ते असं नसतं. ते बोटाएवढं हिरवट कणीस असतं, त्याला कुणी फूलसुद्धा म्हणणार नाही.

मी खोलीत जाऊन पुस्तक आणलं, ब्लेड आणलं आणि ओट्यावर बसून त्यातलं एक फूल उघडलं. मोजणी दोनदा करून बघितली. बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली. पुंकेसर तीन. सहा असते तर ते लिलीच्या किंवा निशिगंधाच्या गोतातलं ठरलं असतं. तीन म्हणजे आयरिसचं कुल, एवढं पक्कं झालं. त्या कुलावर आमच्या पुस्तकात अर्धं पान होतं. मुळी पोटात गेली तर काय होतं, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

माय माझ्या मागे उभी होती. मी तिला सांगितलं, "माय, हे वेखंड नाही. काय आहे ते मला माहीत नाही."

मला वाटलं ती रागावेल किंवा रडेल. ती म्हणाली, "पोरीच्या गाठोड्यात माळ हाय ती."

मला तेच म्हणायचं होतं.

केदारखेड्याला जायचं तर आधी जालना आणि तिथून भोकरदनची मोटार. सकाळची जालन्याची मोटार निघून गेली होती. पुढची धरली तर जालन्याला मुक्काम पडला असता आणि पोचणं दुसऱ्या दिवसावरच गेलं असतं. तार करावी असं मनात आलं. पण आमच्याकडे तार आली म्हणजे कुणीतरी गेलं असं धरून बाया आधी रडायला बसतात, मग ती वाचायला माणूस शोधतात. बाळंतिणीच्या घरी तार नको, असं मायच म्हणाली. मग म्हणाली, "पेशकारानं लावल्यालं झाड हाय. त्याच्या वळखीच्या माणसाला इचार. हकीमसाबाला इचार."

हकीमसाहेबांचा दवाखाना बाजारात होता. वय सत्तरीचं, चष्म्याला दोरा बांधलेला. पेशकार दर जुम्म्याला त्यांच्याकडे येऊन बसायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी उरलेलं एक फूल, एक पान आणि वाळलेल्या दोन चकत्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि हे वेखंड आहे का, असं विचारलं, जणू अजून काही आशा होती. वेखंडाला ते वज म्हणत.

त्यांनी फूल हातात घेतलं आणि बराच वेळ त्याकडेच बघत राहिले. मग हसले.

"वज की बू कहीं छुपती है क्या? हात धोये तो भी जाती नहीं. ये सोसन है, मास्टर साब. इसकी जड कू इरसा बोलते."

सोसन. हा शब्द ऐकून मी खाली बघितलं. निजामाच्या राज्यात माझी शाळा उर्दूतून झाली होती. गुल, नर्गिस, सोसन ही नावं मी नववीत पाठ केली होती, आणि कवितेत ती कुठे येतात हे लिहून चांगले मार्क मिळवले होते. ती कशी दिसतात हे मास्तरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आठ महिने ते झाड माझ्या परसात होतं आणि त्याचं नाव माझ्या डोक्यात होतं. दोघांची गाठ कधी पडली नव्हती.

हकीमसाहेबांनी सांगितलं की पेशकारांनी तो कंद हैदराबादहून आणून लावला होता, आणि वीस वर्षांत तो एकदाही फुलला नाही म्हणून त्यांच्या घरून नेहमी तक्रार असायची. ठोंब दाटला होता आणि सावलीत होता. मायनं तो खणून भिंतीकडे लावल्याचं मी सांगितलं, तेव्हा तुमच्या आईनं तो मोकळा करून उन्हात लावला म्हणून फुलला, असं ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष चकत्यांकडे गेलं आणि त्यांनी विचारलं, "ये किसकू खिलाए?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. ओली मुळी पोट बिघडवते, उलट्या होतात, असं ते म्हणाले. दोनतीन वर्षं जुनी झालेली ते स्वतः खोकल्याच्या काढ्यात घालायचे, पण मोठ्या माणसाला, आणि तोलून.

"तान्ह्या मुलाला?" मी विचारलं.

"इतनी सी जान कू नक्को. घबराव मत, लेकिन जिसकू जिसकू दिये, वापस लाव. आज के आज."

शनिवारची अर्धी शाळा आटोपून मी घरोघर निघालो. मायनं चार घरं सांगितली होती. ती स्वतः येते म्हणाली. मी म्हणालो, नाव मी सांगितलं होतं, परत घ्यायलाही मीच जातो. कपाळावरचा घाम पुसत मी पहिल्या दारात उभा राहिलो आणि आत चौकशीला गेलेली सून हसू दाबत बाहेर आली. तिच्या सासूनं ती चकती वासराच्या गळ्यात बांधली होती. वासानं माश्या जातील म्हणून बांधली, पण वासच नाही, तरी राहू दिली, मास्तरांची आहे म्हणून. दुसऱ्या घरी ती पेटीत लुगड्यांच्या घडीत निघाली. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्या बाईनं तर चकती कोनाड्यातून जशीच्या तशी काढून माझ्या हातावर ठेवली.

"म्या त्याच दिवशी वासून बघितलं," ती म्हणाली. "पर तुझी माय इतक्या कौतुकानं देऊन राह्यली, तिच्या म्होरं कसं म्हणावं?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. मला एवढं हलकं वाटलं की मी तिथेच खाली बसलो, आणि त्या बाईनं मला चहा करून पाजला.

चौथं घर शेजारचंच होतं. तहसिलीतल्या चपराशाची बायको, माझ्या बायकोच्याच वयाची, लातूरकडची. घरात सासू नाही, आई लांब. तिचा मुलगा चार महिन्यांचा होता. मी विचारल्यावर तिनं सहाण आणून दाखवली. तीवर चकती उगाळल्याची खूण होती.

"चार दिस दिलं, गुरुजी," ती म्हणाली. "मंग पोराचं पोट लई बिघडलं, म्हणून सगळी गुटीच बंद केली."

मी मुलाकडे बघितलं. तो पालथा पडून मान उचलत होता आणि हातातला खुळखुळा जमिनीवर आपटत होता. ही कधीची गोष्ट, असं विचारलं तर ती म्हणाली, पंधरा दिवस झाले, आता बराबर आहे. पोट आपल्या खाण्यानं बिघडलं असं तिला वाटलं होतं. म्हणून तिनं वरण सोडलं, तेल सोडलं, गूळ सोडला. पंधरा दिवस ती नुसती भाकरी आणि जिऱ्याचं पाणी घेत होती.

ज्या घरी वास घेऊन बघणारं मोठं माणूस होतं ती घरं वाचली होती. जिनं फक्त माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, तिच्या मुलाला त्रास झाला होता. मी तिला सरळ सांगितलं की ते वेखंड नव्हतं, मला येत नसताना मी नाव सांगितलं, आणि चूक माझी आहे.

तिनं सहाण खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी माझ्या खाण्यानं झालं न्हवतं?"

"नाही."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता रडते, पण ती हसत होती. आत वळून नवऱ्याला म्हणाली, "ऐकलं का, लोणच्याची बरणी काढा वरून." आणि मला म्हणाली, "तुमी आता तोंड पाडू नका गुरुजी. पर बाजारातून खरं वेखंड आणून द्या." मी त्याच पावली बाजारात जाऊन ते आणून दिलं. दुकानदारानं कागदात बांधायच्या आधी ते मी हुंगून बघितलं. नाकात झिणझिण्या आल्या. असा वास एकदा घेतलेला माणूस आयुष्यात ती चूक करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं मी निघालो. जालन्यापर्यंत खिडकीबाहेर काय होतं ते मला आठवत नाही. मी मनात हिशेब करत होतो, मुलगी तीन आठवड्यांची, गुटी बाराव्या दिवसानंतर सुरू करतात, म्हणजे आठनऊ दिवस. शेजारच्या पोराला चारच दिवसांत त्रास झाला, आणि ते चार महिन्यांचं होतं.

केदारखेड्याला उतरून मी जवळजवळ धावतच गेलो. न कळवता आलेला जावई बघून सासरे घाबरले. गावाकडे सगळं ठीक आहे, एवढं मी सांगितल्यावर त्यांचा जीव खाली पडला आणि जावयाचा पाहुणचार सुरू झाला. पाय धुवायला पाणी, गूळ-पाणी, चहा. आतून मुलीचा आवाज येत नव्हता. बाळंतिणीच्या खोलीत एकदम शिरायची रीत नव्हती. शेवटी चहाची बशी हातात असतानाच मी सासूबाईंना म्हणालो, "मामी, गाठोड्यातली वेखंडाची माळ..."

त्यांचा चेहरा पडला. चोरी पकडल्यासारखा. त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी छताकडे बघितलं.

"दाजी, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "त्याला वास न्हाई. म्या उगाळलं न्हाई. आमच्या घरचंच वेखंड देऊन राह्यले. तुमी पाठिवल्यालं, म्हणून टाकवलं न्हाई." आणि त्यांनी आतून लाकडी पेटी आणली. तिच्यात नव्या खणाच्या तुकड्यात गुंडाळून ती माळ ठेवलेली होती, एकही चकती कमी न होता.

मी हसायला लागलो आणि मला थांबता येईना. त्या बिचाऱ्या आणखी घाबरल्या. मग मी सगळं सांगितलं. आतल्या खोलीतून माझ्या बायकोचा आवाज आला. ती दाराआडून ऐकत होती.

"मी आईला म्हणलं, कालिजातल्या वेखंडाला वास नसंल म्हणून."

त्यावर सासरेसुद्धा हसले. रीत बाजूला ठेवून सासूबाईंनी मला आत जाऊ दिलं. मुलगी झोपली होती, म्हणून तिचा आवाज नव्हता. ह्या वेळी मी तिला उचलून घेतलं. टाळूला वेखंडाचा वास येत होता.

मी परत आल्यावर मायला ती माळ दाखवली आणि विचारलं की तुलाही पहिल्याच दिवशी कळलं होतं, मग तू का बोलली नाहीस? ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मला वाटलं, तू शिकल्याला, तुला म्होरचं दिसत आसंल." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "आन तू माहीत न्हाई म्हणला आसतास, तर मी काय बायांम्होरं लाजले आसते? मी त्यांना सांगितलं आसतं, इचारून सांगंल म्हणून."

त्या आठवड्यात दुसरा दांडा फुलला. ते फूल, पान आणि कंदाचा काप टीपकागदात दाबून मी औरंगाबादला प्राध्यापकांना पाठवला आणि घडलेलं सगळं लिहिलं, वेखंडासकट. हकीमसाहेबांनी झाडाचं नाव दिलं होतं, पण आयरिसच्या पुष्कळ जाती असतात आणि त्यातली ही कोणती हे मला हवं होतं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. फूल आयरिसचंच, माझी मोजणी बरोबर. पांढरी, केसाळ पट्टीची जात उत्तरेकडे बागांत आणि कबरींजवळ लावतात असं वाचलेलं आहे. आपण स्वतः ती जिवंत पाहिलेली नाही आणि दाबलेल्या फुलावरून जातीचं नाव नक्की सांगता येत नाही. पुढच्या वर्षी फुलल्यास कळवावं, येऊन बघू.

मी पत्र मायला वाचून दाखवलं. तिनं शेवटचं वाक्य परत वाचायला लावलं.

"येवढा मोठा मास्तर, आन सांगता येत न्हाई म्हणतो?"

"हो."

"मंग चांगला मास्तर आसंल," ती म्हणाली.

गल्लीतल्या काहींचं म्हणणं होतं की झाड उपटून टाकावं, कुणी पोर खाईल. मायनं त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि तसंच ठेवलं. पुढच्या फाल्गुनात सात दांडे आले. बाया बघायला यायच्या, नाव विचारायच्या. माय त्यांना काट्यांच्या अलीकडे उभं करून सांगायची, "हे औशद न्हाई, नुसतं फूल हाय. हकीमसाब सोसन म्हणत्यात. आमचा मास्तर आन त्याचा मास्तर, दोघं अजून बघून राह्यले."